जीभ काढा!

माझी जीभ पिवळी आहे की नाही, हे आमच्या घरात रोज सकाळी तपासलं जातं.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी मला व्हायरल ताप आला. चार दिवसांनी गेला, पण जाताना माणसांची नावं घेऊन गेला! मी शाळामास्तर. साठ पोरांची हजेरी तोंडपाठ असलेला मी बायकोला नुसतं 'अगं, हे...' म्हणू लागलो. (तसं मी लग्नापासूनच म्हणत होतो, म्हणून तिच्या लक्षात यायला उशीर झाला.)

डॉक्टर म्हणाले, "होतं काहींना. येईल हळूहळू." पण बायकोनं मोबाईलवर वाचलं, की हळदीतलं कसलंसं द्रव्य मेंदूला चांगलं, आणि सोबत मिरपूड हवी, नाहीतर ते अंगी लागत नाही. डॉक्टर हसले. "खात्री काही नाही, पण चिमूटभर खायला हरकत नाही. जास्त नको हं!"

आता गंमत बघा. विसरण्यावरचं औषध आठवणीनं घ्यायचं! एकदा मी सकाळी तीनदा घेतलं आणि दिवसभर वर्गापेक्षा संडासात जास्त तास घेतले. तेव्हा बायकोनं युक्ती काढली. मी विचारायचं, "डोस झाला का गं?" ती आतून ओरडणार, "जीभ काढा!" पिवळी असली तर झाला.

अशात काष्टीहून आमच्या ऋतुजाला बघायला पाहुणे यायचे ठरले. बघायला म्हणजे नावालाच; पोरांनी पुण्यातच एकमेकांना पसंत केलं होतं, मोठ्यांचा होकार तेवढा बाकी होता. सकाळीच पोरगी रडकुंडीला आली.

"पप्पा, परवा फोनवर तुम्ही त्याला संदीप म्हणालात! त्याचे वडील, आबा, आधीच कडक आहेत. आज एवढं नाव नीट घ्या. सं-के-त!"

तिचे डोळे बघून मी शंभर वेळा घोकलं.

पाहुणे आले. आबा म्हणजे भरघोस मिशा आणि शब्द मोजून. पोहे झाले तरी कुणी मुद्द्याचं बोलेना. मला घाम फुटला. नाव डोक्यातून निसटतंय असं वाटलं आणि मी घाबरून ओरडलो, "अगं, डोस झाला का माझा?"

स्वयंपाकघरातून सवयीनं उत्तर आलं, "जीभ काढा!"

आणि मी काढली! थेट आबांसमोर. वर त्यांनाच विचारलं, "पिवळी आहे का हो?"

ऋतुजानं कपाळाला हात लावला. संकेतच्या आईचा चमचा हवेतच थांबला. आबांनी शांतपणे चष्मा लावला, वाकून माझी जीभ न्याहाळली.

"न्हाई वं सर. गुलाबी हाय. डोस ऱ्हायलाय तुमचा." मग हळूच म्हणाले, "मिरी घालता का न्हाई?"

"घालतो की!"

"मलाबी तापानं असंच केलंय. लई इसरतोय." आणि आबांनी जीभ काढली. पिवळीधमक!

"अगं बाई, पाहुण्यांच्या घरात!" संकेतच्या आई ओरडल्या. पण आबा खदखदून हसत म्हणाले, "सर, आपलं जमलं! सांगा, पोरगा पसंत हाय ना?"

मी हात जोडून उभा राहिलो. "पसंत म्हणजे काय! आपला... आपला..."

गेलं! मी आबांकडे बघितलं. आबांनी घाईघाईनं आपल्या बायकोकडे बघितलं. शेवटी पोरगाच उठून म्हणाला, "संकेत."

लग्न थाटात झालं. आता मी त्यांना 'जावईबापू' म्हणतो. नातेवाईक म्हणतात, सर जावयाला केवढा मान देतात, कधी नावानं हाक मारत नाहीत! मान कसला डोंबलाचा! नाव आठवलं तर मारीन ना हाक! हे वर लिहिलेलं 'संकेत'सुद्धा आत्ता लेकीला फोन करून विचारलंय.