ऑर्किडची कुंडी भरायला हडपसरला

सुलभाच्या ऑर्किडची मुळं काळी पडायला लागली, तेव्हा मी हडपसर गाठायचं ठरवलं. ऑर्किड हे निमित्त होतं, लपवत नाही. आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासासाठी पाडली. मी दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहायला आले, आणि समोरच्या दारातली सुलभा मुलाकडे हडपसरला गेली. जाताना हे झाड माझ्याकडे देऊन म्हणाली, "तिकडच्या गॅलरीत फार ऊन येतं. नवीन इमारत झाली की घेईन परत."

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. बसमध्ये बसायला जागा मिळते. उशीर केलात तर स्वारगेटनंतर बस नुसती रांगते. मी मांडीवर कुंडी घेऊन खिडकीशी बसले होते.

सुलभा स्टॉपवर उभी होती. बारीक झालीये. मिठीबिठी काही नाही, आधी कुंडीत बोट घातलं.

"अगं, माती? वर शेणखत? वांगी लावलीयेस का?"

किती दिवसांनी कुणीतरी मला असं झापत होतं! फार बरं वाटलं.

सोलापूर रस्त्याला नर्सऱ्या आहेत. आधी टपरीवर पोहे खाल्ले (चांगले होते, चहा पांचट), मग आत शिरलो. ऑर्किडच्या मुळांना हवा लागते, म्हणून मातीऐवजी नारळाच्या सोडणांचे तुकडे, झाडाची साल, कोळसा, विटांचे तुकडे भरतात. सोडणं पाणी धरून ठेवतात, पण वर्ष-दीड वर्षात कुजतात, बदलावी लागतात. कोळसा आणि वीट टिकते; पाणी मात्र रोज बघावं लागतं.

मी सोडणांची पिशवी उचलली. "वर्षभर पुरे. तोवर इमारत होईल, पुढचं तुझं तू बघ."

"मावशी, दोन्ही हायेत. कोणतं देऊ?" नर्सरीवाल्याने विचारलं.

सुलभाने माझ्या हातातली पिशवी काढून परत ठेवली. "कोळसा आणि विटा द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नव्या इमारतीतला फ्लॅट विकतोय गं आम्ही. मीही हो म्हटलं. फोनवर सांगवेना."

मी कोळशाची पिशवी उचलली आणि बसची वेळ विचारली.

घरी येऊन काळी मुळं कापली, कोळसा धुऊन कुंडी भरली. आता नवं पान फुटलंय. तेव्हा तुम्हीही कोळसाच घ्या, तो टिकतो. मला मात्र सोडणंच हवी होती. ती कुजली असती, आणि बदलायला सुलभा आली असती.