दोन एसट्या बदलून आलेली फ्लॉपी
हे आजवर कुणाला सांगितलं नाही. परवा कपाटात जुनी फ्लॉपी सापडली आणि शिरपूरच्या कॉलेजातली मे महिन्यातली दुपार आठवली. कॉम्प्युटर विभागातली नोकरी नवी होती. चुकीची कमांड देऊन मीच लिनक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन बंद पाडलं, आत मुलांचे निकाल, आणि साहेबांना सांगितलं की लाईट गेल्यानं झालं. फोन केल्यावर मदतीला जळगावच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटातले एक अनोळखी गृहस्थ दोन एसट्या बदलून, रुमालात फ्लॉपी गुंडाळून आले. पाणीही न पिता त्यांनी मशीन चालू केलं आणि आधीच्या कमांडची यादी उघडली. माझी चूक पडद्यावर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यादी बंद केली आणि मागे उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाले, “लाईटचाच घोळ, साहेब.” निघताना मी पैसे विचारले, तर फ्लॉपी माझ्या हातात ठेवून हळूच अहिराणीत म्हणाले, “आमनी फी एकच शे, भाऊ. काय चुकनं ते बठ्ठं गटले लिखी धाडा, दुसरानं तसं व्हवाले नको.” काय चुकलं ते सगळं गटाला लिहून पाठवायचं, एवढीच त्यांची फी; ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही.