लांबणची एक ओळ

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. बाजारात सगळे त्याला लांबण म्हणायचे. शेजारच्या गल्लीत आग लागली हे सांगायचं असलं, तरी तो आधी ती गल्ली कुणी वसवली तिथून सुरुवात करायचा. धंदा न्हाव्याचा. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि गळ्याभोवती कापड बांधलेलं गिऱ्हाईक. असा ऐकणारा दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? वस्तरा गळ्याशी असताना माणूस उठून जात नाही, आणि मध्ये बोलतही नाही.

लांबणने एक पटकथा लिहिली होती. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मागच्या खोलीत पाठकोऱ्या कागदांवर. वाढत वाढत तिचा उशीएवढा गठ्ठा झाला. तो ती गिऱ्हाइकांना ऐकवायचा, पण शेवटपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. एकदा लाकूडवखारवाला खुर्चीत बसला, डोकं झालं, दाढी झाली, मालिश झालं, आणि उठताना म्हणाला, "लांबण, तुझा हिरो अजून जन्माला यायचाय रे! बारशाला बोलव."

मग एके दिवशी पोस्टमास्तरचा मेहुणा आला. तो सिनेमा काढणाऱ्यांकडे कामाला होता आणि चार दिवसांसाठी बहिणीकडे आला होता. लांबणने गठ्ठा पुढे केला. मेहुण्याने तो हातात न घेता नुसता नजरेने तोलून बघितला.

"एवढं कोण वाचणार? लॉगलाइन सांगा."

"म्हणजे?"

"एक ओळ. माणूस कोण, त्याच्यापुढे अडचण काय, आणि हरला तर काय जातं. एका दमात. ती ऐकून साहेबांनी 'मग?' असं विचारलं, तरच ते पुढचं वाचतात."

लांबणने तिथल्या तिथे दम घेतला. "नियतीच्या फेऱ्यात सापडलेल्या एका माणसाची काळजाला हात घालणारी कहाणी."

"ही तर माझ्या सासऱ्यांचीपण कहाणी आहे," मेहुणा म्हणाला. "रविवारी दाढीला येतो. तोवर घासून आणा."

घासणं हे लांबणचं कामच. पण पटकथेत त्याने काय काय भरून ठेवलं होतं! हिरोला झुपकेदार मिश्या, दूरचं गाव, मागे लागलेला सावकार, एक आंधळी आत्या, पाच गाणी. एका ओळीत हे कुठून मावणार? त्याने सावकार काढला. आत्या काढली, तेव्हा त्याला जरा वाईट वाटलं. गाणी गेली, गाव गेलं, मिश्या गेल्या. आणि सगळा फेस उतरल्यावर खालचा चेहरा दिसावा तसा मधोमध एकच माणूस उरला: पोहायला शिकवणारा एक मास्तर, ज्याला पाण्याची भीती वाटते.

हा माणूस लांबणने मनातून काढलेला नव्हता. तो त्याचा सख्खा थोरला भाऊ.

दादा गावच्या तरणतलावावर मास्तर होता. हातात लांब बांबू, गळ्यात शिट्टी, काठावरून फिरत तो शिकवायचा. अर्धं गाव त्याच्याकडे पोहायला शिकलं होतं. मास्तर काठावरच असतात, असं सगळ्यांना वाटायचं. बुडणाऱ्याला काढायला दुसरा माणूस होता, त्यामुळे कुणाच्या डोक्यात शंका येण्याचं कारण नव्हतं. फक्त एकदा, तोंडाला फेस लावून डोळे मिटून बसला असताना, दादा धाकट्या भावाला म्हणाला होता, "मी उतरत नाही रे आता. एका पोरीला काढायला गेलो होतो, तिने गळ्याला मिठी मारली, दोघंही खाली गेलो. रखवालदाराने बांबू घातला म्हणून वाचलो. तेव्हापासून पाणी घोट्याच्या वर आलं की गुडघेच अडकतात." लांबणने तेव्हा काहीएक न बोलता त्याची दाढी केली होती. आयुष्यात तेवढा एकदाच तो गप्प बसला असेल.

पटकथेच्या गठ्ठ्यात ही गोष्ट अगदी सुखरूप होती. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.

बुधवारी लांबणने ओळ लाकूडवखारवाल्यावर घासून पाहिली. वस्तरा बाजूला ठेवून, कारण वस्तऱ्याखाली सगळेच माना डोलावतात. "पाण्याला घाबरणारा पोहण्याचा मास्तर. त्याचीच पोरगी खोल पाण्यात पडते, आणि काठावर त्याच्याशिवाय कुणी नाही."

वखारवाला खुर्चीतून अर्धा उठला. "मग? उतरतो का?"

लांबणच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं तोंडाला फेस येईतो बोललो, पण "मग?" असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितली. त्यानेही विचारलं, "उतरतो का?" औषधवाल्याने विचारलं, शाळेच्या शिपायाने विचारलं. गुरुवारभर लांबण हवेत होता. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. गुऱ्हाळ होतं तोवर त्याचं बोलणं दुकानाच्या उंबऱ्याच्या आत राहायचं, कारण ते दुसऱ्याला सांगणार कोण? ओळ मात्र कुणालाही पाठ होते. वखारवाल्याने ती चहाच्या टपरीवर सांगितली, शिपायाने शाळेत. औषधवाल्याने घरी सांगितली, आणि त्याचा मुलगा तलावावर जायचा.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी दुकानात आली. ती कधी यायची नाही. गिऱ्हाईक असूनही ती आरशासमोरच उभी राहिली.

"काय सांगत सुटलायस रे गावभर?"

"काय वहिनी?"

"आज तलावावर सगळ्यांच्या देखत औषधवाला ह्यांना म्हणाला, 'मास्तर, एकदा उतरून दाखवा की.' हसत म्हणाला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. ह्यांनी शिट्टी काढून खुर्चीवर ठेवली आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन बसले. सगळे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत."

"वहिनी, आईशप्पथ, मी नाव नाही घेतलं. कथा आहे ती."

"गावात पोहायचे मास्तर किती आहेत, भावोजी?"

गिऱ्हाईक आरशातून आळीपाळीने दोघांकडे बघत होतं.

"मला आजवर माहीत नव्हतं," वहिनीचा आवाज खाली आला. "लग्नाला एवढी वर्षं झाली. मला वाटायचं, त्यांना सर्दीचा त्रास आहे. आणि पोरीला आज वर्गात विचारलं, तू बुडालीस तर तुझा बाप काय करेल? ती मला विचारतेय. काय सांगू, ते तरी सांग. तुला सुचतं म्हणे हल्ली."

एवढं बोलून ती गेली. गिऱ्हाईकही भलं, ते म्हणालं, "राहू दे, उरलेली घरी करतो," आणि अर्ध्या गालाला फेस घेऊनच निघून गेलं.

लांबण दादाच्या घरी गेला. दार पुतणीने उघडलं, आणि एरवी "काका" म्हणून लटकणारी ती पोर नुसतीच बाजूला झाली. आत दादा पंख्याखाली पाठमोरा पडला होता. लांबणने माफीचं बोलणं वाटेतच जुळवून आणलं होतं. पण तो उंबऱ्यावरूनच आल्या पावली परतला.

दादाची दाढी रविवारी सकाळी असायची. लांबणने त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली, टॉवेल नवा काढला. आला तो मेहुणा. त्याला बसवून कापड बांधता बांधता लांबणने आरशात पाहिलं. रस्त्यापलीकडे दुसरं सलून होतं, तिथल्या न्हाव्याला सगळे 'समोरचा' म्हणायचे. त्याच्या खुर्चीत दादा बसला होता.

लहानपणापासून दादाच्या गालाला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. त्याच्या डाव्या जबड्यावर केसांचा एक भोवरा आहे, तिथे वस्तरा आडवा न्यावा लागतो. समोरच्याला हे माहीत असणार नव्हतं. समोरचा सरळ वरून खाली ओढत होता.

"तुमची ओळ ऐकली मी," मेहुणा खूश होता. "टपरीवर! पाण्याला घाबरणारा मास्तर. अहो, लोक बोलतायत म्हणजे जमलीच. काल साहेबांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, 'मग?' आता तुमच्या तोंडून एकदा ऐकवा, फोन लावतो."

लांबणच्या पोटात एकदम आनंदाची उकळी फुटली. तिचीच त्याला जास्त लाज वाटली. आरशात दादा, आणि पोटात हे!

"मास्तर नको, दुसरं काही केलं तर?" त्याने विचारलं. "म्हणजे... वाटाड्या. डोंगराला घाबरणारा वाटाड्या."

"छे! मजा मास्तरात आहे. खरा वाटतो तो."

लांबणने ब्रश खाली ठेवला.

"ती ओळ माझी नाही," तो म्हणाला. "माझी गोष्ट वेगळी आहे. एक माणूस असतो, म्हणजे तसा वाईट नसतो, पण त्याचा जो आजा होता ना, त्याची एक आत्या होती, आंधळी. आता ती आंधळी कशी झाली, ते आधी सांगायला हवं..."

मेहुण्याने दोनदा घड्याळ बघितलं. गोष्ट आत्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत तो कापड सोडून उभा राहिला. "कळवतो," म्हणाला, आणि फोन खिशात घालून निघून गेला.

समोरून दादाही बाहेर पडला. डाव्या जबड्यावर कागदाचा चिटोरा चिकटवलेला, मधोमध लाल ठिपका. लांबण खांद्यावरच्या टॉवेलासकट रस्ता ओलांडून गेला आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"दिलीस का ती ओळ त्याला?" दादाने विचारलं.

"नाही."

"का? चांगली आहे म्हणतात."

लांबण टॉवेलाचं टोक पिळत राहिला.

"मग?" दादा म्हणाला. अगदी वखारवाल्यासारखंच. "शेवटी उतरतो का तो? पोरीसाठी?"

"उतरतो," लांबण पुटपुटला. "शेवटच्या पानावर."

दादाने जबड्यावरचा चिटोरा दाबून धरला. "तुला बरं ठाऊक," तो म्हणाला. "मला नाही ठाऊक अजून."

आणि तलावाच्या रस्त्याला न वळता तो सरळ घराकडे चालू लागला. लांबण पाठमोऱ्या दादाकडे वळणापर्यंत बघत राहिला. मग दुकानात आला, कारण खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. कुणी अनोळखी, परगावचा. लांबणने मुकाट्याने कापड बांधलं.

"काय हो," अनोळखी माणूस आरशातून हसत म्हणाला, "तुमच्या गावात म्हणे पोहायचा एक मास्तर आहे, आणि त्याला..."

लांबणने ब्रश उचलला आणि गालावर न लावता थेट त्याच्या ओठांवरूनच फेस फिरवला.