भुईमुगावर मी कधी काम केलं?

"भुईमुगाच्या रोगांवरचं तुझं काम कमाल आहे," लॅबचे प्रमुख मल्होत्रा सर भर मीटिंगमध्ये म्हणाले. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

भुईमुगाशी माझा संबंध शेंगदाण्याच्या चटणीपुरता. मी बंगळूरला महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये मशीन लर्निंग सायंटिस्ट आहे. माझं काम नावांचं. बँकेच्या कागदांवर एकाच माणसाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं. तो एकच माणूस आहे की पाच, हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. पुढे जे घडलं ते माझ्याच बाबतीत घडावं, याचा राग मला अजून येतो.

स्क्रीनवर लॅबची 'रिसर्च इम्पॅक्ट'ची स्लाइड होती. आमच्या धंद्यात इम्पॅक्ट म्हणजे मुख्यतः सायटेशन्स. तुमच्या पेपरचा उल्लेख इतरांनी त्यांच्या पेपरमध्ये केला की एक सायटेशन. माझी सायटेशन्स एका वर्षात दुपटीवर गेली होती. खाली माझे 'कोलॅबोरेटर्स' होते, म्हणजे ज्यांच्याबरोबर मी काम केलं ते लोक. त्यातली निम्मी नावं मी जन्मात ऐकली नव्हती.

जागेवर येऊन शोधलं. पेपर गोळा करणारी एक वेबसाइट आहे. ती नावं जुळवून प्रत्येक संशोधकाचं पान आपोआप तयार करते. भुईमुगाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारे काही पेपर होते, त्यावर नाव छापलं होतं एस. कुलकर्णी. मीही एस. कुलकर्णी. दोघी मशीन लर्निंगवाल्या, दोघी कर्नाटकात. वेबसाइटने दोघींची मोट बांधली. पेपरवर पत्ता मात्र धारवाडच्या एका कॉलेजचा होता.

मी सरांकडे गेले.

"सर, हे माझं काम नाही. ही दुसरी कुलकर्णी आहे."

"कुलकर्णी तो मराठी ही होते हैं ना? बंगलोर में और कितने होंगे?"

"सर, धारवाडला गल्लोगल्ली आहेत. ते घरी कन्नड बोलतात."

"हमने थोडी कुछ किया है? साइटने जोडलंय. रहने दो."

पान मला स्वतःला दुरुस्त करता येत नव्हतं. लॅबने आमची सगळ्यांची पानं ऑफिसच्या मेलवरून चालू केली होती आणि पासवर्ड कम्युनिकेशन टीमकडे होता. त्यांना मेल केला. उत्तर आलं, 'मल्होत्रा सरांचं अप्रूव्हल लागेल.' म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

त्याच आठवड्यात घरी, एचएसआर लेआउटमध्ये, फोन आला.

"नमस्कार अक्का. मी सविता कुलकर्णी, धारवाडहून. मला मराठी स्वल्पच येतं, चुकलं तर सांभाळून घ्या."

तिनेच माझा नंबर शोधून काढला होता. कॉलेजात ती कॉन्ट्रॅक्टवर शिकवत होती. कायम नोकरीचा इंटरव्ह्यू झाला होता. कमिटीने वेबसाइट उघडली, आमच्या लॅबचं पान पाहिलं आणि तिला म्हणाली, "काम बंगळूरच्या मॅडमचं दिसतंय. तुम्ही फोटो काढून दिले असतील." सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर पुढचा उमेदवार.

"अक्का, तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही हां," ती म्हणाली. "पण शेतात उन्हात उभी मी राहिले. हे पेपर तुमचे नाहीत, एवढं ऑफिसच्या लेटरहेडवर लिहून द्या. सरी ना, चालेल ना?"

मला लाजेपेक्षा संताप जास्त आला. जिचं काम पळवलं, तीच मला अक्का म्हणून विनवण्या करत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांपुढे उभी राहिले. लेटरहेडचं नाव काढताच त्यांनी केबिनचं दार लावलं. म्हणाले, "शुक्रवारी बियाणे कंपनीचे लोक येताहेत. भुईमुगाचाच प्रोजेक्ट आहे. त्यांनी आपली स्लाइड पाहिली आहे. तू फक्त मॉडेलवर बोल. पत्र पुढच्या महिन्यात बघू."

"तोवर तिची नोकरी जाईल."

"वो हमारी एम्प्लॉयी नहीं है."

म्हणजे तिचं काम आमचं, पण ती आमची कुणी नाही.

शुक्रवारी बियाणे कंपनीचे रेड्डी आले. शेतीतला मुरलेला माणूस. सरांनी माझी तोंड भरून ओळख करून दिली. रेड्डींनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, टिक्का आणि तांबेरा, दोन्ही रोगांचे डाग मशीनला वेगळे कसे कळतात? फोटो पानाच्या वरून घेतले की खालून?"

सर माझ्याकडे बघून हसत मान हलवत होते. बोल, बोल.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ते पेपर माझे नाहीत. धारवाडच्या सविता कुलकर्णींचे आहेत. आमच्या लॅबचा त्यात काडीचाही हात नाही, आणि हे सरांना ठाऊक आहे."

रेड्डींनी सरांकडे पाहिलं. "मग आम्ही इथे कशाला आलोय?"

"सम कन्फ्यूजन..." सर म्हणाले.

"कन्फ्यूजन नाही," मी म्हणाले. "मी दोनदा सांगितलंय." माझा आवाज चढला होता. चढू दिला.

रेड्डींनी चहा संपवला आणि सविताचा नंबर मागितला. दुपारी सरांनी पत्रावर सही केली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी वेबसाइटवरच्या माझ्या पानावरून ते पेपरही निघाले. सविताला नोकरी मिळाली आणि प्रोजेक्टही धारवाडला गेला. माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'इम्पॅक्टमध्ये लक्षणीय घट.'

त्या शेऱ्याचं मला फारसं वाटलं नाही. दोन कुलकर्ण्या एकच वाटल्या, ही मशीनची चूकही मी समजू शकते. तशा चुका निस्तरण्याचाच मला पगार मिळतो. मशीनला चूक दाखवली की ती सुधारता येते. आमच्या साहेबांना दाखवली, तर त्यांनी ती गिऱ्हाइकाला विकायला काढली.

नव्या संशोधकांना मी आता एकच सांगते. पेपरवर नाव पूर्ण छापा, आद्याक्षरावर भागवू नका.

सविताचा परवा फोन आला होता. माझं पत्र पाहूनही कमिटीने तिच्याकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र घेतलं, की हे पेपर लिहिणारी एस. कुलकर्णी ती मीच. वर्षभर तिचं काम आमच्या नावावर मिरवलं, तेव्हा आमच्याकडून कुणी साधी सहीसुद्धा मागितली नव्हती.