कोकणातलं जनावर आणि नांदेडचा मी

पोरीचं जंगलाचं वेड उतरवायचं म्हणून मी तिला जंगलातच घेऊन गेलो. एवढा हुशार बाप अख्ख्या नांदेडात दुसरा सापडायचा न्हाई.

झालं असं, की ऋतुजाला वन्यजीवांच्या एम.एस्सी.ला दूर परराज्यात प्रवेश मिळाला. आठवड्यात हो का नाही कळवायचं होतं. मी माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानात बसून डाव टाकला: दोन दिवस काटे-मच्छर खाल्ले की पोरगी आपण होऊन बी.एड. करते म्हणेल. बायकोनं लगेच बॅग भरून दिली.

नांदेड ते पुणे ट्रॅव्हल्स, पुढं चिपळूणची एसटी. कुंभार्ली घाटात उलटीची गोळी घ्याच. मी 'आपल्याला काय होतंय' म्हणून घेतली न्हाई. बाकीचं शेजारच्या प्रवाशाला विचारा. चिपळूणहून गुहागरकडची गाडी आणि शेवटी रिक्षा. खाली समुद्र, वर डोंगर, मधे गाव. नाव सांगत न्हाई, तुम्ही लगेच गर्दी कराल. राहायला सुलभाकाकूंचं घर, जेवणासकट माणशी बाराशे. आम्ही शाकाहारी, म्हणून कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी. ज्वारीची मागू नका, मी मागून बघितली.

सकाळी डोंगरमाथ्यावर गेलो. चढताना माझा भाता झाला होता. वर उंबरावर धनेश बसलेला, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा. मी फोटो काढले, सगळ्यात पानंच आली. ऋतुजानं फोन काढलाच नाही. माझं मनगट घट्ट धरून नुसती बघत राहिली. खाली समुद्रात डॉल्फिनच्या पाठी वरखाली होत होत्या. मी मात्र पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि कळून चुकलं. हे वेड उतरणारं नव्हतं.

दिवेलागणीला मी आंघोळीला निघालो. न्हाणी घरामागं, वर छप्पर न्हाई. काकू म्हणाल्या, "बघून जा हो, तिकडे जनावर आहे."

"असू द्या की काकू. आम्ही जनावरांतच वाढलो. मारकं हाय का?"

"आपण होऊन नाही जात कोणाच्या वाटेला."

"मग तर गरीबच हाय! पाणी पाजलं का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, काय गोठ्यातला माणूस हाय म्हणून कौतुक चाललंय. आमच्याकडं जनावर म्हणजे गाय, म्हैस, बैल. कोकणात जनावर म्हणजे साप, हे मला तोंडाला साबण लावून झाल्यावर कळलं. पायाशी सळसळलं, म्हणून म्हशीला हाकलतात तसं "हाऽऽ, हैक!" करत एक डोळा उघडला, तर चांगलं दोन हात लांब जनावर भिंतीकडेनं सरकून राहिलं होतं.

मी कपडे धुवायच्या दगडावर कसा चढलो, ते महादेवाला ठाऊक. टॉवेल होता एवढंच नशीब. असा बोंबललो, की ऋतुजा बॅटरी घेऊन पळत आली.

"पप्पा, हलू नका. धामण हाय, विष नसतं हिला. तिला वाट द्या."

"मला कोण देईल?"

ती हसली न्हाई. दाराच्या बाजूला सरकून शांत उभी राहिली. धामण तिच्या पायांपासून वीतभर अंतरावरून निघून गेली. मग हात देऊन तिनं मला दगडावरून खाली उतरवलं. मी सगळा भार टाकला, तरी तिचा हात जराही हलत नव्हता.

नांदेडला उतरलो तेव्हा अंगावर मच्छरांच्या गांधी होत्या, सगळ्या माझ्याच. बायको दारातच उभी. ऋतुजा आत गेल्यावर हळूच म्हणाली, "उतरलं का वेड?"

"न्हाई. हो कळवून टाक म्हणलंय तिला."

"एकटी पोर जंगलात! भ्या न्हाई वाटत तुमाला?"

"लई वाटतं गं," मी म्हणालो. "पण भीती माझी हाय. ती घेऊन मी बसतो घरी. तिला जाऊ दे."