तेहतीस अनारसे

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि आला की जावयांचं फावतं. लेक दिलेल्या घरी अनारशांचं वाण पाठवायचं, मोजून तेहतीस, एकही फुटका नको. निजामाच्या राज्यात आमच्याकडे माणसं ज्वारीच्या भाकरीवर जगत, तांदूळ सणालाच दिसे. पण जावयाचं वाण म्हटलं की तोही कुठून तरी यायचा.

माझ्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंडा. मी चौदा वर्षांची, सासर सिरसाळ्याला, माहेर पाटोद्याजवळच्या एका खेड्यात. मी माहेरी निघाले तेव्हा सासू एवढंच म्हणाली, "थोरलीच्या माहेराहून चांदीच्या वाटीसंगं आलं व्हतं वाण. तुमचं बघू." ते 'बघू' मी वाटभर चघळत आले.

मायनं तांदूळ भिजत घातला. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कांडायचा, गुळात मळून मुरू द्यायचा. इकडे पीठ मुरत होतं आणि तिकडे माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर देवी उठल्या. तो पाच वर्षांचा. तहसिलीकडून टोचणारा आला होता तेव्हा मायनंच त्याला कडब्यात लपवलं होतं. सगळ्याच बाया लपवत.

देवी घरात आल्या की चुलीवर कढई चढत नाही. साधी फोडणीसुद्धा नाही. तूप कढलं की बाई कोपते आणि पोराच्या अंगावरचे फोड चिघळतात, अशी आमची समजूत. समजूत कसली, कायदाच तो. दाराला लिंबाचा डहाळा, ताटात दहीभात, आणि सगळ्यांचं बोलणं हळू.

आठ-नऊ दिवसांनी फोड जरा सुकल्यासारखे दिसले. धोंडा संपवणारी अवस चार दिवसांवर आली होती आणि तिच्याआत वाण पोचायला हवं होतं. मी मायला म्हणाले, कढई चढव. ती म्हणाली, "न्हाई गं बाई. लेकरू निजलंय माजं."

मी ताटावर बसणं सोडलं. चोरून गूळ-शेंगा खात होते, पण उपाशी असल्याचं सोंग छान वठवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नाही म्हणाली तेव्हा मी म्हणाले, "सासूनं मला हाकलून दिलं तर तुजा ह्यो ल्योक मला पोसनार हाय का?" फोडांनी डोळे मिटलेल्या पोराबद्दल मी हे बोलले. मला कुणी शिकवलं नव्हतं. ते विष माझंच होतं.

मायनं पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "घरात न्हाई चढवायची. रानात आखाड्यावर जाऊन तळते. तितवर बाई कशाला यील?"

बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, बाजाराला गेला होता. माय पीठ, तूप न् कढई घेऊन शेतातल्या आखाड्यावर गेली, मी भावाजवळ बसले. त्यानं विचारलं, "माय कुटं गेली?" मी म्हणाले, पाण्याला. त्यानं चारदा विचारलं, मी चारदा तेच सांगितलं. चौथ्यांदा त्याचा हात माझ्या हाताला लागला तेव्हा तो चांगलाच तापला होता. मी मायला बोलवायला गेले नाही. अजून तेहतीस झाले नसतील, असं मनात आलं.

दुपार कलल्यावर ती आली. अनारसा तुपात सोडताच विरघळून पसरला की बाया म्हणतात, हसला. माय म्हणाली, "एक बी हसला न्हाई. बाईची मर्जी हाय." तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी दिसली. मग तिनं पोराच्या कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

माती देऊन बाप परत आला आणि उतरंडीमागे लपवलेली अनारशांची पाटी त्याला सापडली. सुतकातल्या घरचं वाण कोण घेणार? त्यानं ती उचलून बैलांपुढे ओतली. मग मायला विचारलं, "कढई कावून चढिवली? कुनी सांगितलं तुला?"

मी दाराच्या आत उभी होते. मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "कुनी न्हाई. जावयाफुडं मला माजीच लाज वाटली."

त्या दिवसापासून बापानं तिच्याशी बोलणं टाकलं. भाकर तिच्या हातची खायचा, पण काही हवं असलं तर भिंतीला सांगायचा. गावानं तर सोडलंच नाही. जावयाच्या मानापायी पोटचं पोर खाल्लं, असं पाणवठ्यावर बाया तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. आणि सिरसाळ्याला सासूनं मला पोटाशी धरलं, वाणाचा शब्दही काढला नाही. जिच्या टोमण्याला मी एवढी भ्याले ती बाई माझ्या भावासाठी रडली.

तळणानं देवी कोपत नाहीत, हे पुढे मला शिकल्यासवरल्या नातवंडांनी सांगितलं. त्यांचं खरं असेल. मायला ते कुणी सांगितलं नाही. आपण आपलं पोर मारलं, हे मनात धरूनच ती जगली.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा मी तिच्या कानाशी म्हणाले, "माय, मी आज आबाला सांगते, कढई माज्यापायी चढली." तिनं माझं मनगट धरलं. अंगात जोर नव्हता तरी सोडलं नाही. म्हणाली, "गप बस. तुला माहेर राहू दे."

मी गप्प बसले. बाप तिच्यामागं नऊ वर्षं जगला. मी दरसाल माहेरी जात होते, आणि परत निघाले की तो मला वेशीपर्यंत पोचवायला यायचा.