मास्तरांनी शिकवलेला मान

‘इज’ आणि ‘आर’ या दोन टीचभर शब्दांनी माझं एक वर्ष नासवलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आठवीत इंग्रजी सुरू झालं होतं. आमचा कोळीवाडा गव्हाणच्या बाजूला, खाडीकाठी. शाळेसाठी मी पनवेलला ओळखीच्यांकडे राहायचो. घरात इतकं शिकलेला मी पहिलाच, आणि शाळा सुटली तर होडी वाट बघतच होती.

मराठी आणि इंग्रजी एकच मास्तर शिकवायचे. एकदा मी मराठीच्या तासाला सांगितलं, “काल बापूस आला.” वर्ग खो खो हसला. आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मास्तरांनी मात्र छडी उचलली.

“वडील आले म्हण! एकटे असले तरी अनेकवचन. याला मान देणं म्हणतात, रानटी कुठला!”

तळहात सुजेपर्यंत मी मान द्यायला शिकलो.

पुढचा तास इंग्रजीचा. वडिलांवर वाक्य कर म्हणाले. मी छाती काढून उभा राहिलो आणि म्हणालो, “माय फादर आर अ फिशरमन.”

पुन्हा छडी. “गाढवा, फादर किती आहेत तुला?”

आता माणसाने बोलावं तरी काय? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. रात्रंदिवस घोकलं, पण मास्तर समोर आले की सुजलेला हात आठवायचा आणि तोंडातून ‘आर’ निघायचं. चीड यायची, रडू यायचं. सहामाहीत इंग्रजीत नापास झालो. मास्तरांनी फर्मावलं, “वडिलांना घेऊन ये. तुला ठेवायचं की नाही ते ठरवू.”

बापूस आला. लग्नकार्याचा सदरा घालून, त्या दिवशीची मासेमारी बुडवून आला. मास्तरांना ताजी कोलंबी आणणार होता, आईने कशीबशी अडवली. वर्गाच्या दारात हात जोडून उभा राहिला. मास्तर खुर्चीतून हलले नाहीत.

“तूच का रे याचा बाप? असा पुढे ये. तुझ्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. होडीवर घेऊन जा त्याला.”

‘तू’ चुकून तोंडात आलं असेल म्हणून मी वाट पाहिली. पण नाही. तू, तुझा, ये, जा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात तेवढे माझेच सुजायचे होते!

“मास्तर, तुमी मारा त्याला,” बापूस म्हणाला. “पन शालेतून काडू नका.”

मास्तर जरा घुटमळले. मग माझ्याकडे वळले. “शेवटचं विचारतो. वडिलांवर एक वाक्य.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणालो, “माय फादर इज अ फिशरमन.”

“शाबास! आज कसं जमलं?”

बापाचं एकवचन आज त्यांनीच करून दाखवलं होतं, हे मी सांगितलं नाही. शाळेत राहिलो, तेवढं पुरे होतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी बापाला मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “तुम्ही चला पुढे. मी दप्तर घेऊन येतो.”

तो थांबला. मागे आणखी कोण आलंय, म्हणून त्याने वळून पाहिलं. रस्त्यावर आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

“कोनाला बोलतंस रं?” त्याने विचारलं.